धावपट्टीच्या पूर्व टोकाला

वाटणीच्या कागदावर सह्या झाल्यापासून दादा मधलीचा फोन उचलत नव्हता. एरवी तिनं ते मनावर घेतलं नसतं. आधी रुसायचं आणि मग आपणच आधी हसायचं, ही त्याची लहानपणापासूनची खोड. पण आज सकाळपासून फोन वाजून वाजून बंद पडत होता आणि दर वेळी ती तो नव्यानं लावत होती. वहिनीचा फोन लागत नव्हता. आईकडे फोन असून नसल्यासारखा. खराब होऊ नये म्हणून तो कपाटात, घडी केलेल्या चादरींच्या खाली असायचा. शेवटी धाकटी तेवढी सापडली. आज खोदकाम आहे हेही तिच्याकडूनच कळलं.

"दादाला सांग, मी येईपर्यंत खोदायला हात लावू नकोस म्हणावं. नक्की सांग," मधलीनं तिला पुन्हा पुन्हा बजावलं होतं.

"हो गं ताई, सांगते," धाकटी म्हणाली होती. तिच्या मागे कपबशांचा आवाज येत होता आणि कुणीतरी हसत होतं.

तरीही कालव्यावरचा पूल ओलांडल्यावर मधलीला सगळ्यात आधी दिसली ती पोकलेनची पिवळी सोंड. झाडांच्या शेंड्यांवरून ती वर आली होती. तिनं गाडी थांबवली, काच खाली केली आणि कान दिला. सोंड हलत नव्हती. यंत्र बंद होतं. जेवायला थांबले असणार. तिनं गाडी घराकडे वळवली.

घरातले सगळे त्या जमिनीला पट्टी म्हणायचे. आजोबांना ती मिळाली तेव्हा युद्ध नुकतंच संपलं होतं. विमानं उतरवायला सैन्यानं तिथं काँक्रीटची लांबलचक धावपट्टी केली होती. सैन्य गेलं, विमानं गेली, काँक्रीटला भेगा पडल्या, भेगांतून गवत आलं, गवतावर माती चढली. दोन पिढ्यांत धावपट्टीचं नुसतं नाव उरलं. मधली त्या नावावरच वाढली आणि पुढे तेच तिचं काम झालं. भूमापन कार्यालयासाठी ती असल्या विसरलेल्या धावपट्ट्या शोधत रानोमाळ फिरायची. जुनी हवाई छायाचित्रं घ्यायची आणि आजच्या शेतांवर ती बेतून बघायची. उन्हाळ्यात खाली काँक्रीट असलेल्या जागी पीक आधी पिवळं पडतं, ते टिपून ठेवायची. दादा चारचौघांत म्हणायचा, "आमच्या मधलीला शेतात पीक दिसत नाही, विमानं दिसतात."

ती दारातून आत आली तेव्हा सगळे स्वयंपाकघरातल्या मोठ्या टेबलाशी बसले होते. वाटणीनंतर घर पहिल्यांदाच असं एकत्र बसलं होतं. पट्टीच्या पूर्व टोकाला, दादाच्या वाट्याला आलेल्या जमिनीवर, नव्या गोठ्याचा पाया खणायचा होता. त्यानं हौसेनं सगळ्यांना बोलावलं होतं. मधलीला सोडून.

"आल्या बघा वैमानिकबाई," दादा ताटातून मान वर न करता म्हणाला.

"दादा, खोदकाम थांबव."

"आधी बस, दोन घास खा," आई म्हणाली आणि ताट घ्यायला उठली.

"आई, मी जेवायला आले नाहीये. दादा, धाकटीनं सांगितलं नाही तुला?"

सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं. तिनं मिठाचं भांडं उगाच इकडचं तिकडे केलं. "सांगणार होते. पण म्हटलं, आज कुठं सगळे हसून जेवतायत. पुन्हा तोच विषय कशाला?"

"कुठला विषय?" वहिनीनं विचारलं.

"पट्टी वाचवायचा. ताईचा दुसरा कुठला असतो?"

मधलीला तिचा राग आला, पण रागवायला वेळ नव्हता. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"हे पट्टी वाचवायचं नाहीये. पट्टीखाली दारू आहे. निदान असण्याची दाट शक्यता आहे."

पहिला हसला तो काका. बाबांचा हा धाकटा भाऊ लग्नाच्या भानगडीत न पडता याच घरात म्हातारा झाला होता. "दारू?" तो म्हणाला. "पोरी, आपल्या जमिनीत दारू असती तर आजवर मला सापडल्याशिवाय राहिली असती का?"

टेबलावर हशा पिकला. दादाही हसला. तो हसला म्हणून आईही हसली.

"काका, सुरुंगाची दारू," मधली म्हणाली. "ऐका ना जरा. परवा मी पलीकडच्या खोऱ्यातल्या धावपट्टीवर होते. तिथं पाण्याची लाईन टाकायला चर खणत होते, त्यात एक लांब लोखंडी नळ निघाला. भंगारात जाईल म्हणून माणसं तो कापायला निघाली होती. नशीब, कुणाला तरी शंका आली. सैन्याचं पथक आलं. नळ तोंडापर्यंत स्फोटकानं भरलेला होता. पथकाचे कॅप्टन म्हणाले, शत्रूची विमानं इथं उतरली तर धावपट्टीच उडवून द्यायची म्हणून असे नळ दोन्ही कडांनी तिरके आत घुसवून ठेवायचे. युद्ध संपल्यावर सापडले तेवढे काढले. बाकीचे राहिले."

"पलीकडच्या खोऱ्यात," दादा म्हणाला. "इथं नाही."

"तिथल्या पट्टीच्या कडेला चौकोनी दगड होते. सारख्या अंतरावर, जमिनीलगत, मधोमध भोक असलेले. ते नळांच्या जागांच्या खुणा होत्या. दादा, तसेच दगड आपल्याकडे आहेत. आपण त्यांच्यावर बसून बोरं खायचो."

"बसायला दगड होते म्हणून आता मी गोठा बांधायचा नाही," दादानं हात धुतले आणि फडक्याला पुसले. "छान आहे. सही करताना तोंड वाकडं केलंस, तरी केलीस. आता हे नवीन खुसपट."

"वन्सं, राग मानू नका," वहिनी म्हणाली. तिचा आवाज मऊ होता, पण शब्द मऊ नव्हते. "तुमचं दर वेळी काहीतरी निघतंच. आधी म्हणालात पट्टी म्हणजे इतिहास आहे. मग म्हणालात झाडं तोडू नका. आता खाली दारू आहे म्हणता. उद्या म्हणाल वर विमान आहे. आम्ही पोटापाण्याचं काही करायचं की नाही?"

वहिनीच्या जागी मधली असती तर तीही हेच म्हणाली असती.

"गवत," काका एकदम म्हणाला.

त्याचं हसणं कधी थांबलं ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तो खिडकीतून पूर्वेकडे बघत होता.

"त्या टोकाला बापानं कधी नांगर घातला नाही. गवत राहू दे म्हणायचा. मेंढ्या चरल्या तर चालायच्या, पण कुदळ नाही, नांगर नाही. मी विचारलं की म्हणायचा, तिथं वैमानिकाचं भूत आहे, उगाच उठवू नको. पोरांना घाबरवायला सांगतो असं आम्हाला वाटायचं. पण बाप भुताखेताला भिणारा नव्हता. स्मशानातून रात्री एकटा यायचा." त्यानं ओठांवरून हात फिरवला. "आणि ही पट्टी घालायला मजूर म्हणून तोच होता ना रे."

"काका, तुम्हीसुद्धा?" दादाचा आवाज चढला. "परवा तुम्हीच म्हणालात ना, त्या टोकाची माती पडीक राहून सोन्यासारखी झालीये?"

"म्हणालो. आता म्हणतो, आजचा दिवस थांब. त्या कॅप्टनला बघून जाऊ दे."

"यंत्र संध्याकाळी दुसरीकडे जायचंय. पुन्हा हंगाम संपेपर्यंत मिळणार नाही." दादा उठला. पोकलेन तो स्वतःच चालवत होता. तरुणपणी दोन वर्षं त्यानं रस्त्याच्या कामावर तेच केलं होतं आणि त्याचा त्याला अभिमान होता. "या घरात मी काही हातात घेतलं की सगळ्यांना भुतं दिसतात. बाबांनीही तेच केलं जन्मभर. आणि तू," तो मधलीकडे वळला, "बाबा गेले तेव्हा कुठं होतीस? अशीच कुणाच्या तरी रानात विमानं हुडकत होतीस. तेव्हा घराची काळजी नव्हती वाटली."

बाण बरोबर लागला. आई "अरे, अरे" करत होती तोवर मागचं दार आपटलं आणि दादा गेला.

वहिनीनं त्याचं ताट उचललं, मोरीकडे दोन पावलं गेली आणि तिथंच थांबली.

"तो नळ," तिनं पाठमोरीच विचारलं, "कसा दिसतो?"

"गंजलेला. हाताच्या पंजाएवढ्या तोंडाचा. टोकाला टोपण घट्ट बसवलेलं असतं. जमिनीत सरळ नसतो, तिरका गेलेला असतो. का?"

वहिनी वळली. तिच्या तोंडावरचा रंग पार उतरला होता. "सकाळी निघालाय तसा एक. टोक वर आलं. हे म्हणाले, जुनी पाण्याची लाईन असेल, जेवण झाल्यावर उपटतो."

त्याच क्षणी पूर्वेकडून पोकलेनचं इंजिन घरघरलं.

मधली धावली. मागे आईचा आवाज ऐकू आला, खुर्ची पडल्याचं ऐकू आलं, पण वळून बघायची तिची छाती झाली नाही. अंगण, कुंपण, मग गवत. शेजारून वहिनी पळत होती. तिच्या पायातली एक चप्पल कुठंतरी सुटली होती. काका मागे धापा टाकत होता. मधली ओरडत होती, पण इंजिनापुढे तिचा आवाज तिलाच ऐकू येत नव्हता. केबिनच्या काचेतून दादानं त्यांना पाहिलं असावं, कारण त्यानं मान फिरवली. तमाशा करायला आल्या, असं वाटलं असणार त्याला. बकेटचे दात मातीत शिरले. सोंडेनं हिसका दिला. काँक्रीटचा एक मोठा तुकडा उलटा झाला आणि त्याच्याबरोबर जमिनीतून लांब काळपट काहीतरी ओढलं गेलं.

नळ बाहेर आला. बकेटच्या दातांवर आडवा पडून तो डोक्याच्या वर लोंबकळू लागला. मधोमध वाकला होता आणि एका टोकाचं टोपण फुटलं होतं. तिथून ओल्या साखरेसारखं पिवळसर काहीतरी चिकटून खाली ओघळत होतं. वाऱ्याबरोबर गोडसर, कडवट बदामासारखा वास आला. परवा त्या खोऱ्यात आला होता तोच.

मधली जागीच थांबली. तिनं एका हातानं वहिनीचा दंड धरला आणि दुसऱ्या हातानं कॅप्टनना फोन लावला. सुदैवानं त्यांनी लगेच उचलला. काय दिसतंय ते तिनं सांगितलं.

"ऐका," ते म्हणाले. "जुन्या दारूला घाम फुटतो. त्या थेंबांना धक्का सोसत नाही. नळ खाली ठेवायचा नाही. इंजिन बंद करायचं नाही. माणसानं आहे तसं सोडून मागच्या बाजूनं उतरायचं आणि चालत लांब जायचं. पळायचं नाही. आडोशाला आडवं पडा आणि तोंडं उघडी ठेवा, म्हणजे धमाक्यानं कानाचे पडदे फाटणार नाहीत. आम्ही निघतोय. आणि तुम्ही जवळ जाऊ नका. लांबूनच सांगा त्याला."

लांबून सांगायचं कसं? इंजिनाच्या आवाजात हाक पोचत नव्हती आणि फोनही ऐकू गेला नसता. हातानं खूण केली तर घोटाळा होता. यंत्र चालवणाऱ्याला खालच्या माणसाच्या हाताची खूण वाचायची सवय असते. हात हलवला की तो सोंड हलवणार. आत्ताही दादा काचेतून त्यांच्याकडे बघत होता. चेहरा पांढरा पडला होता, आणि काय करू ते सांगा म्हणून तो वाट बघत होता.

"मी जाते," वहिनी म्हणाली. "माझा नवरा आहे."

"तू गेलीस तर तो उठून तुझ्याकडे धाव घेईल. काका, हिला धरा. बांधाच्या मागे न्या."

काकानं वहिनीला मागून मिठीत धरलं. इतकी वर्षं त्या दोघांचं धड बोलणंही नव्हतं. ती त्याच्या हातांत पाखरासारखी फडफडली आणि मग रडत रडत त्याच्याबरोबर मागे सरली.

मधलीनं दोन्ही हात खिशात घातले. हात चुकूनही वर जाऊ नयेत. मग ती चालू लागली.

जमीन तिच्या ओळखीची होती. कुठला उंचवटा कुठं आहे, कुठं पाय मुरगळतो, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. पण आज प्रत्येक पाऊल टाकताना तळव्यांना वाटत होतं की खाली कुणीतरी जागं आहे. पायाखालची जमीन पोकळ वाटत होती. आपण वळून निघून गेलो तर कुणी दोष देणार नाही, कॅप्टननीच जाऊ नका म्हणून सांगितलंय, असं एक मन म्हणत होतं. त्या मनाचा आवाज चांगला मोठा होता. ती यंत्राच्या मागच्या बाजूनं वळसा घालून गेली, चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यावर पाय ठेवून वर चढली आणि केबिनचं दार उघडलं.

"दादा, माझ्याकडे बघ. सोंडेकडे बघू नको."

"तेच आहे का ते?"

"तेच आहे."

"खाली ठेवतो. हळू ठेवतो. मला येतं, अंडंसुद्धा ठेवीन मी."

"नको. ठेवायचं नाही. आहे तसं राहू दे."

"इंजिन बंद करू?"

"तेही नको. बंद होताना हिसका बसेल. दांड्यावरचा हात काढ."

दादानं हाताकडे पाहिलं. हात त्याचा नसल्यासारखा दांड्याला चिकटला होता. "निघत नाहीये गं," तो म्हणाला. त्याचा हा आवाज तिनं कधीच ऐकला नव्हता; एखाद्या आजारी पोराचा असावा तसा. "हलवला तर सोंड हलेल."

"हलवू नको. मी सोडवते."

ती वाकली. त्याचं एकेक बोट तिनं अलगद उचललं, आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं. त्याची बोटं बर्फासारखी गार होती आणि तिचीही. काचेपलीकडे नळ इंजिनाच्या थरथरीबरोबर बारीक थरथरत होता. एक थेंब ओघळून टोकाशी आला, जाड झाला आणि खाली मऊ मातीत पडला. दोघंही त्याच्याकडे बघत राहिले. काही झालं नाही. शेवटी अंगठा सुटला.

"आता उठ. या बाजूनं."

"पाय लटपटतायत."

"माझेही लटपटतायत."

"कशाला आलीस तू?"

"फोन उचलला असतास तर आले नसते."

तो हसला की हुंदका होता, ते तिला कळलं नाही. पण तो उठला. ती आधी उतरली, मग त्याला कमरेला धरून उतरवलं. जमिनीवर पाय टेकताच त्यानं पळायला अंग ताणलं, तसा तिनं त्याचा सदरा मुठीत पकडला. "चालत. चालत चल." सदरा घामानं चिंब होता. पाठीमागे इंजिन घरघरत होतं. मागे वळून बघायचं नाही असं दोघांनीही न बोलताच ठरवलं होतं. बांधापर्यंतची वाट संपता संपत नव्हती.

बांधामागे पोचल्यावर वहिनीनं दादाच्या छातीवर दोन्ही मुठी मारल्या, एकदा, दोनदा, आणि मग तिथंच तोंड खुपसून उभी राहिली. धाकटी आईला घेऊन आली होती. आई चालायला तयार नव्हती म्हणून तिनं तिला जवळजवळ उचलूनच आणलं होतं.

"गॅसवर दूध आहे," आई म्हणत होती. "ऊतू जाईल."

"गॅस मी बंद केलाय आई."

"आणि दाराला कडी?"

"आई, झोप ना गं खाली!"

सगळे बांधाच्या पायथ्याशी आडवे पडले. कॅप्टननी सांगितलं होतं तशी सगळ्यांनी तोंडं उघडी ठेवली. सगळं घर असं ओळीनं जमिनीवर पालथं, तोंडं वासून. एरवी कुणालाही हसू फुटलं असतं. धाकटी मात्र रडत होती.

"मी सांगितलं असतं तर..."

"सांगितलं असतंस तरी मी ऐकलं नसतं," दादा मातीत बघत म्हणाला. "गप्प पड."

यंत्र एकटंच चालू होतं. बघणारं कुणी नसताना ते कितीतरी वेळ तसंच घरघरत राहिलं. मधलीला त्या आवाजाचा आधार वाटू लागला. आवाज आहे तोवर सोंड वर आहे. मग इंजिन अडखळलं. पुन्हा लागलं. पुन्हा अडखळलं.

"डिझेल," दादा कुजबुजला. "सकाळपासून भरलं नव्हतं."

इंजिन दोनदा ठसकलं आणि विझलं.

एवढी शांतता मधलीनं त्या रानात कधी ऐकली नव्हती. "आता सोंड बसायला लागेल," दादा म्हणाला. "जुनं यंत्र आहे. बोटाबोटानं खाली येते." आईनं मधलीचं मनगट धरलं होतं. त्या पकडीनं हाड दुखत होतं, पण तिनं हात सोडवला नाही. डोळ्यांपुढं फक्त गवताची मुळं आणि त्यांच्यातून चाललेली एक मुंगी. बाबांच्या शेवटच्या दिवशी आपण नव्हतो हे खरंच आहे, एवढा एकच विचार तिच्या डोक्यात पुन्हा पुन्हा येत होता, आणि आज निदान आहोत.

बऱ्याच वेळानं पलीकडून धातू दगडाला टेकल्याचा खट् असा बारीक आवाज आला. सगळ्यांची अंगं एकदम आखडली.

पुढे काहीच झालं नाही. लांब कुठंतरी एक पाखरू ओरडलं. काकानं दीर्घ श्वास सोडला आणि लगेच पुन्हा तोंड उघडं ठेवलं. स्फोट झाला नाही म्हणजे होणार नाही असं थोडंच होतं?

सूर्य कलायला लागला तेव्हा पथकाच्या गाड्या आल्या. कॅप्टन अंगानं किरकोळ, बोलायला हळू. जाड चिलखत घालून ते एकटेच पट्टीवर गेले. परत आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते. त्यांनी आधी सगळ्यांना कालव्यापर्यंत मागे नेलं, दोरी बांधायला लावली, आणि मगच बोलले.

"नळ बकेटीत तिरका टेकलाय. तो आम्ही बघू. पण तो एकटा नाही. खड्ड्यात शेजारचा दिसतोय, त्याच्या पुढचाही. जोडी-जोडीनं घातलेत. पट्टी किती लांब होती, नेमकं माहीत आहे कुणाला?"

दादानं मधलीकडे बोट केलं. "हिला विचारा."

मागे येताना मधलीनं आपली गाडीही आणली होती; तिच्यातून तिनं नकाशा काढला. जुन्या हवाई छायाचित्रावरून पातळ कागदावर तिनं तो स्वतः उतरवला होता. तो तिनं गाडीच्या बॉनेटवर पसरला. सगळे भोवती जमले. पट्टीची दोन्ही टोकं तिनं दाखवली. पश्चिमेकडच्या टोकावर एक छोटा चौकोन होता. तो तिनं नंतर पेन्सिलीनं काढला होता.

"हे काय?" वहिनीनं विचारलं.

"घर," मधली म्हणाली. "आजोबांनी घर पट्टीवरच बांधलं. काँक्रीट होतंच, वेगळा पाया घालावा लागला नाही."

कॅप्टननी पेन्सिल उचलली. "आजवर जिथं जिथं जमिनीत काही घुसवलंत, ठोकलंत, पुरलंत, ते सांगा. मोठं, छोटं, काहीही. नळ हलला असेल, वाकला असेल, तर आम्हाला आधी कळायला हवं."

आधी काका बोलला. कुंपणाचे खांब, उत्तरेच्या कडेनं. घणानं ठोकले होते, त्यानं आणि बाबांनी. कॅप्टननी फुल्या मारल्या. वहिनीनं गुलाबांची आळी दाखवली. धाकटीनं कुत्रं पुरलं होतं ती जागा सांगितली. आई बराच वेळ कागदाकडे बघत होती.

"स्वयंपाकघरामागं," ती म्हणाली, "पूर्वी चुलीची लाकडं मी तिथंच फोडायचे. लग्न होऊन आले तेव्हापासून. कुऱ्हाडीचा घाव चुकला की खाली जमिनीवर बसायचा." तिनं पदर तोंडाला लावला. "हा दादा पोटात होता तेव्हासुद्धा फोडायचे गं."

कॅप्टननी तिथं फुली मारली. फुल्या वाढत चालल्या. त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आपण इतकी वर्षं जेवलो, भांडलो, झोपलो, हे मधलीला कागदावर स्वच्छ दिसत होतं.

"अजून काही?"

दादा पुढे आला. त्यानं एका जागी बोट ठेवलं.

"इथं झोपाळा होता," तो म्हणाला. "मधली लहान होती, झोपाळा पाहिजे म्हणून रडत होती. बाबा गावाला गेलेले. मी एकट्यानं पहारीनं खड्डे घेतले. पहिल्या खड्ड्यात पहार जाईचना. खाली खणखण वाजायचं. मला वाटलं दगड आहे. मी दुपारभर ठोकत होतो, जोर लावून, दोन्ही हातांनी. ही शेजारी बसून टाळ्या वाजवत होती. शेवटी दमलो आणि खड्डा हातभर बाजूला घेतला."

मधलीला टाळ्या आठवत नव्हत्या. झोपाळा आठवत होता. त्याचा एक खांब जरा तिरका होता आणि त्यावरून सगळे दादाला चिडवायचे.

"दगडासारखं खणखण वाजलं, की लोखंडासारखं?" कॅप्टननी विचारलं.

दादा मधलीकडे बघत होता. तिनं त्याचा हात धरला.

"लोखंडासारखं," तो म्हणाला.

कॅप्टननी जागा नीट बघितली. झोपाळ्याची ती जागा आणि आत्ता सगळे उभे होते ती, यांच्यातलं अंतर त्यांनी बोटांनी मोजलं. मग मान वर न करता ते आपल्या माणसांना म्हणाले, "दोरी मागे घ्या. पुलाच्या पलीकडे."

मधलीनं नकाशाची घडी घातली. वहिनीनं आईला एका बाजूनं धरलं, धाकटीनं दुसऱ्या, आणि ते सगळे घराकडे पाठ करून, पळायचं नाही हे लक्षात ठेवून, हळूहळू चालत पुलाकडे निघाले.